हृदय बाळाचं, मान सगळ्यांचा

आमच्या केंद्रात पोटातल्या बाळाचं हृदय तपासतात, हे आलेल्या माणसांना पटवण्यात माझा निम्मा दिवस जातो. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही आहोत. जिना चढून आलं की समोरच मोठ्या अक्षरांतला बोर्ड आहे. इथं मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलंय. लोक तो शांतपणे वाचतात, मान डोलावतात, चपला काढतात आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारतात, "ताई, पेढे का बर्फी, तेवढं फक्त सांगा की."

मी डॉक्टर नाही. तपासणी आमच्या मॅडम करतात. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांना मशीनवर जे दिसतं, ते बाहेरच्या खोलीत आईबापांना समजेल असं सांगणं हे माझं काम. माझ्या दारावर 'समुपदेशक' असं लिहिलंय. तो शब्द आजवर एकाही माणसानं उच्चारलेला मी ऐकला नाही. सगळे मला 'कागदावर काढून सांगणारी ताई' म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे.

शाळेत मी उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्यांपैकी होते. दिवसभर बोलायच्या नोकरीत अशी मुलगी कशी टिकणार, हा प्रश्न घरच्यांनाही पडला होता. मुलाखतीत मॅडमनी विचारलं तेवढ्याचंच मी उत्तर दिलं आणि गप्प बसले. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ये. बोलक्या मुली मी ठेवून पाहिल्या. घाबरलेल्या माणसाला त्या आणखी घाबरवतात."

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई माझ्या मैत्रिणीच्या आई. दरवर्षी त्यांच्याकडं निवृत्त माणसं आपापल्या नोकरीबद्दल लिहितात. यंदा एखादी तरुण मुलगी हवी म्हणून त्यांनी मला पकडलं आणि वर सुचवलं, "जरा हृदयस्पर्शी लिही हं." हृदयाचंच खातं असल्यामुळं मला ते सोपं जाईल असं त्यांना वाटलं असावं.

काम समजायला अवघड नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं हृदय पोटात नीट बघता येतं. तेव्हा ते जेमतेम बोराएवढं असतं. चार कप्पे, मधल्या झडपा, वरून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या. बहुतेक वेळा सगळं ठीक असतं, आणि ते ऐकून माणसं थोडी नाराज होऊन जातात, कारण पेढे-बर्फीचा उलगडा झालेला नसतो. कधीकधी मात्र काहीतरी चुकलेलं असतं. लहानसं भोक असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं. काही दोष असे असतात, की पोटात बाळ मजेत असतं, जन्मल्यावरही थोडा वेळ गुलाबी दिसतं, आणि मग निळं पडायला लागतं. आधी माहीत असलं तर बाळ यायच्या आधीच डॉक्टर तयार उभे असतात. माहीत नसलं तर पळापळ. आमचं सगळं दुकान त्या 'आधी'वर चालतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. हृदयाच्या प्रत्येक कोपऱ्याचं इंग्रजी नाव मला पाठ होतं, मराठी एकाचंही नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात मी शब्दकोश काढून कर्णिका आणि जवनिका असे दोन शब्द पाठ केले आणि एका नवऱ्याला मोठ्या आत्मविश्वासानं ऐकवले. त्याचा चेहरा पडला. जुळ्या मुली आहेत असं मी नावांसकट सुचवतेय, असा त्याचा समज झाला होता. त्या दिवसापासून आमच्याकडं वरचे कप्पे आणि खालचे कप्पे आहेत.

मग मी चित्र काढायला लागले. जगभर अशुद्ध रक्त निळ्या रंगानं दाखवतात आणि शुद्ध रक्त लाल रंगानं. मीही तसंच केलं. काही दिवसांनी ध्यानात आलं की माझ्या खोलीतून बाहेर पडलेल्या काही सासवा फार खुशीत असतात. चौकशी केल्यावर कळलं, की ताईनं निळा पेन आधी उचलला तर मुलगा आणि लाल उचलला तर मुलगी, ही बातमी अक्कलकोटपर्यंत पोचली होती. मॅडमनी दोन्ही पेन कचऱ्यात टाकले. आता आमच्याकडं हृदय हिरव्या आणि तपकिरी रंगात काढतात. ते कैरीच्या लोणच्यासारखं दिसतं, पण कायद्यात बसतं.

दुसरी गंमत फोन नंबरची. आमच्याकडं येणाऱ्या बाईचं पोट तिचं असतं, नंबर दुसऱ्याचा. नवऱ्याचा, दिराचा, सासऱ्याचा, एकदा तर नवऱ्याच्या मालकाचा होता. करमाळ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी आली होती. बाळ पाठ करून बसलेलं, नळ्या नीट दिसेनात. मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात परत या. असं पुष्कळदा होतं. ती आली नाही म्हणून मी दिलेल्या नंबरावर फोन केला. सासऱ्यांनी उचलला.

"सगळं बेस हाय. बाळ लाथा मारतंय. परत कशाला?"

मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "कमलाभवानीची जत्रा हाय, ती झाली की येतो." जत्रा झाली. मी पुन्हा फोन केला.

"काय ओ, गिऱ्हाइकं कमी पडायलीत काय तुमाला?"

सुनेशी बोलायला द्या म्हटलं, की ती शेतात असे नाहीतर झोपलेली असे. मॅडमनी स्वतः फोन केला, तो उचललाच नाही. काही महिन्यांनी त्याच घरातली धाकटी जाऊ आमच्याकडं आली तेव्हा कळलं. बाळ चांगलं गुटगुटीत जन्मलं, दुसऱ्या दिवशी निळं पडलं, आणि सोलापूरला आणताना टेंभुर्णीच्या अलीकडं गेलं. सांगताना ती रडली. मी पाणी दिलं आणि तिचा नंबर विचारला. तिनं सासऱ्यांचा दिला.

त्यानंतर मी प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा नंबर विचारते. पुष्कळ जणींना तो पाठ नसतो.

शिल्पाची गोष्ट याच्यानंतरची. ती सोलापुरातलीच सून, माहेर मैंदर्गीचं. नवरा मल्लिनाथ एका कारखान्यात सुपरवायझर. ती तपासणीला आली तेव्हा बरोबर नवरा होता, सासू सुमित्राबाई होत्या, आणि योगायोगानं त्याच दिवशी सोलापुरात आलेली तिची आई महादेवीबाई. असले योगायोग आमच्याकडं नेहमी होतात. माझ्या खोलीत खुर्च्या कमी, म्हणून शिल्पा उभी राहिली. पोटुशी बाई उभी आणि बाकीचे बसलेले हे बघून मी माझी खुर्ची तिला दिली. ती बसण्याआधी तिनं सासूकडं बघितलं.

बाळाच्या त्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. मी हिरवा पेन उचलला. सोलापुरात एक सोय आहे, पाइपलाइन हा विषय इथं कुणालाच समजवावा लागत नाही. नळाला पाणी कधी येतं, कुणाच्या गल्लीत आधी येतं, कुणाची लाइन कुणी कुठं जोडली, यावर आमचं लहान पोरसुद्धा भाषण देईल. मी म्हणाले, "फुप्फुस म्हणजे पाणी साफ करायचं फिल्टर. वापरलेलं रक्त तिकडं जायला पाहिजे आणि साफ झालेलं अंगात. तुमच्या बाळाच्या लाइनी उलट्या जोडल्यात. वापरलेलं परत अंगात चाललंय आणि साफ झालेलं परत फिल्टरमध्ये."

"मग आता जगायलंय कसं?" महादेवीबाईंनी विचारलं. त्या दिवशीचा हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

"आता आईच्या वारेतून त्याला साफ रक्त मिळतंय. जन्मल्यावर वार सुटते. आत दोन छोटी दारं असतात, त्यातून थोडं काम चालतं. पण ती मिटत जातात. ती उघडी ठेवायचं औषध सलाईनमधून देता येतं, आणि मग काही दिवसांत ऑपरेशन करून नळ्या जागेवर लावतात. मुलं चांगली मोठी होतात. फक्त औषध आणि डॉक्टर बाळाच्या शेजारी पाहिजेत, आणि लगेच पाहिजेत. तान्ह्या बाळाचं हे ऑपरेशन नेहमी करणारी, मॅडमच्या खात्रीची टीम पुण्यात आहे. बाळंतपण तिथंच झालं पाहिजे."

मग अपराधी कोण याचा शोध सुरू झाला. कुठल्याही वाईट बातमीनंतर आमच्या खोलीत ही चौकशी बसते, आणि फार झटपट चालते.

"सूर्याच्या गिराणात हिनं वांगं चिरलं हुतं. मी बघितलंय," सुमित्राबाई म्हणाल्या.

"भाजी करायला कोण सांगितलंतं?" महादेवीबाई म्हणाल्या. "आमच्या मैंदर्गीत सात पिढ्यांत कुणाला असलं न्हाय. तुमच्यातच बगा कुणाचं तरी."

"आमच्यात? आमचे सासरे नव्वदीला गेले, तेबी बैलानं पाडलं म्हणून!"

मल्लिनाथ फोनमध्ये डोकं घालून होता. मध्येच म्हणाला, "ताई, हितं गरम पाण्यात दालचिनी..." मी त्याच्याकडं फक्त बघितलं. तो थांबला. अबोल माणसाच्या बघण्याला फार किंमत असते, हे मला शाळेतच कळलं होतं.

हा दोष कुणाच्या खाण्यानं, चिरण्यानं किंवा घराण्यानं झालेला नाही, हे मी सांगितलं. ते कुणालाच आवडलं नाही. दोन्ही घरं निर्दोष सुटली, पण समोरचं घरही सुटलं, त्यामुळं कुणालाच समाधान नव्हतं.

मग सुमित्राबाई माझ्याकडं वळल्या. "ताई, तुमचं नाव काय म्हणालात?"

"प्रज्ञा."

"पूर्ण."

"प्रज्ञाच."

बाळाच्या हृदयाचं ऐकायच्या आधी सांगणारीचं आडनाव ऐकून घ्यावं, असं पुष्कळांना वाटतं. औषधाची बाटली उघडण्याआधी लेबल वाचतात तसं. मी लेबल लावत नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मी चित्रात झडपा काढत राहिले. शेवटी त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्या मते अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"म्हंजे बघा, एवढं पुण्याला न्यायचं, तान्ह्या जिवाला फाडायचं... हे करायचं का न्हाय, ते काय हाय त्याच्यावर ठरवायला बरं पडतंय की. आमाला तेवढं सांगा, मग ठरवतो."

शिल्पा खाली बघत होती. तिची आई खिडकीकडं.

"हृदयात ते लिहिलेलं नसतं," मी म्हणाले.

पुढं काय काय करता येतं ते मॅडमनी शिल्पाला आणि मल्लिनाथला वेगळं बसवून सांगितलं. कायद्यानं सगळे रस्ते सांगावे लागतात, गर्भ ठेवायचा नसेल तो रस्तासुद्धा. मॅडमनी शिल्पाला विचारलं. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "ठेवायचंय." मल्लिनाथनं मान डोलावली. त्या दिवशी त्यानं केलेली ती एकमेव कामाची गोष्ट.

मी शिल्पाला तिचा नंबर विचारला. मल्लिनाथ म्हणाला, "माझा घ्या की." सुमित्राबाई म्हणाल्या, "तिच्या फोनला रिचार्ज नसतंय." मी मल्लिनाथचा घेतला आणि मला टेंभुर्णी आठवली.

पुढच्या खेपेला सगळे पुन्हा आले. बाळ छान वाढत होतं. आता फक्त पुण्याचं ठरवायचं होतं, आणि मला वाटलं होतं की हा सोपा भाग.

"पुण्यात दादाचा फ्लॅट हाय की," मल्लिनाथ म्हणाला. "हॉस्पिटलपासून जवळ. तिथंच राहू महिनाभर आधी." क्षणभर मला तो आवडला.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय," महादेवीबाई म्हणाल्या.

"असतंयच की," सुमित्राबाई लगेच म्हणाल्या. "आमी कुटं न्हाय म्हणतो? तुमचा मान हाय तो. न्या की."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुलीचं पहिलं बाळंतपण तिच्या आईबापांनी करायचं, ही पद्धत. सासरच्यांनी केलं तर लोक म्हणतात, माहेरच्यांनी मुलगी टाकली. आणि पुण्यातला फ्लॅट थोरल्या दिराचा, म्हणजे सासरच. मग महादेवीबाईंनी तिथं यावं, तर त्या लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नव्हत्या. सोलापुरातल्या घरी त्या आल्या की उंबऱ्याच्या आत बसत, पण पाण्याची बाटली मैंदर्गीहून आणत.

"मी लेकीच्या सासरी जाऊन चूल पेटवू? यव्वा! लोक शेण घालतील तोंडात."

"मग शिल्पाला एकटीला पाठवू. माझी थोरली सून बघेल की," सुमित्राबाई म्हणाल्या.

"म्हंजे आई मेल्यासारखी?"

"मग मैंदर्गीलाच न्या. तिथं बी दवाखाना हाय. डॉक्टर लोक उगं भ्या घालत असतात."

दोन्ही बायका हा मान इतक्या आदरानं एकमेकींकडं सरकवत होत्या, की ऐकताना बरं वाटावं. त्यात बाळाचं नाव कुणी घेत नव्हतं. मी शिल्पाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मला आई पाहिजे," ती म्हणाली. एवढंच. आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"बघू की," सुमित्राबाई उठत म्हणाल्या. "सातव्यात ठरवू."

'बघू की' हे सोलापुरातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. ते रागानं म्हणत नाहीत, नकारही देत नाहीत. फक्त त्यानंतर कुणी बघत नाही.

मी मल्लिनाथला फोन करत राहिले. "ठरवायलो ताई," एवढंच तो म्हणे. मग एक दिवस त्याचाच फोन आला. "शिल्पाचं डोहाळजेवण हाय. ती म्हणायलीय, ताई पाहिजेतच." मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. जेव, आणि बोल." जेवायला मी तयार होते.

घरापुढं मांडव होता. मांडवाशेजारी एक जीप उभी होती आणि तिच्यात शिल्पाच्या बॅगा आधीच चढल्या होत्या. जेवणं झाली की ती मैंदर्गीला जाणार होती. म्हणजे बघून झालं होतं.

आत शिल्पा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली होती. फोटोवाला तिला थर्माकोलच्या चंद्रावर बसवून तिच्या हातात धनुष्यबाण देत होता. मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, जिच्यावर हात पडेल ते होणार. सगळ्या बायका श्वास रोखून बसल्या. शिल्पानं झाकण उचलायच्या आधी सुमित्राबाईंनी खोलीभर नजर टाकून मला शोधलं आणि माझ्या चेहऱ्याकडं रोखून बघितलं. मी माझ्या ताटातल्या शेंगदाण्याच्या पोळीकडं बघितलं. ताट स्टीलचं होतं, सगळ्यांसारखंच. मला वेगळं ताट तर येत नाही ना, यावर मी लक्ष ठेवून होते.

"ताई, गाणं म्हणा की एखादं डोहाळ्याचं," शेजारची एक बाई म्हणाली.

"मला येत नाही."

"इंग्लिश म्हणा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. लाजरी माणसं अशा वेळी हसतात, त्याचा अर्थ आनंद असा काढू नये.

तेवढ्यात शिल्पाचे वडील दारात आले. अप्पा म्हणतात त्यांना. उंच, धोतर नेसलेले, आजवर आमच्या केंद्रात कधी न आलेले. आत न येता म्हणाले, "चला, ऊन उतरलं. निघायचं का?"

शिल्पानं धनुष्यबाण खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तिनं मला का बोलावलं होतं ते मला तेव्हा कळलं. कळायला नको होतं असं वाटलं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणाले. या वेळी फारच मोठा निघाला, आणि फोटोवाल्यानंही कॅमेरा खाली घेतला.

सुमित्राबाई पुढं आल्या. "बरं झालं, आता तुमीच सांगा ताई सगळ्यांपुढं. मैंदर्गीत काय कमी हाय? आई हाय, अंगण हाय, दूध हाय. पोटातलं लेकरू बी चांगलं हाय, तुमच्याच मॅडम म्हणाल्या, छान वाढतंय."

माझ्यासमोर चाळीसेक बायका होत्या. भाषण मला येत नव्हतं, कर्णिका-जवनिका उपयोगाच्या नव्हत्या, आणि हातात पेन नव्हता.

"मैंदर्गीत आई आहे," मी म्हणाले. "पुण्यात डॉक्टर आहेत. डॉक्टरांना मैंदर्गीला नेता येत नाही."

मी खाली बघितलं. समोर महादेवीबाईंची पाण्याची बाटली होती, मैंदर्गीहून आणलेली, लेकीच्या सासरच्या मांडवात त्यांच्या पायाशी ठेवलेली.

"आईला पुण्याला नेता येतं," मी म्हणाले. "पाणीसुद्धा येतं की बरोबर."

कुणी तरी फिस्सकन हसलं. महादेवीबाईंनी बाटली पदराआड घेतली. त्या रागावल्या असं मला वाटलं आणि मी दाराकडं सरकले.

"थोरल्याच्या घरात मी राहणार न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"कोण म्हणालंय थोरल्याच्या घरात?" हे अप्पा होते, अजून दारातच. "दवाखान्याजवळ खोली घेतो. भाड्याची का असंना, माझ्या नावावर असली की माहेरच की ते."

"आणि चूल?"

"चूल बी नेतो. तू हो म्हण."

महादेवीबाईंनी शिल्पाकडं बघितलं. मग कानडीत नवऱ्याला काहीतरी लांबलचक सुनावलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण अप्पा बाहेर गेले आणि जीपमधल्या बॅगा उतरवायला लागले.

पुढचं मी मल्लिनाथच्या फोनवरून ऐकत गेले, आणि थोडं नंतर शिल्पाकडून. पुण्यात हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत अप्पांनी एक खोली घेतली. जीपमधून शेगडी, ज्वारीचं पीठ, शेंगाचटणीचा डबा, बाजलं आणि पाण्याचे कॅन गेले. मैंदर्गीत ज्यांनी विचारलं त्यांना महादेवीबाईंनी सांगितलं, "लेक माहेरीच हाय." खोटं नव्हतं. थोरल्या दिराचा फ्लॅट तिथून चालत जाण्याएवढा जवळ होता. महादेवीबाई तिकडं एकदाही फिरकल्या नाहीत.

सुमित्राबाई मात्र आल्या. विहीण म्हणून आल्या. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या, आणि पाय धुवायला पाणी का दिलं नाही असं त्यांनी विचारलं. महादेवीबाईंनी मोरीच नसलेल्या त्या खोलीत परातीत त्यांचे पाय धुतले, खण-नारळ दिला, आणि पुरणपोळी केली. शेगडी एकच, म्हणून पोळ्या होईपर्यंत शिल्पाचं जेवण थांबलं. मान दोन्ही बाजूंचा राहिला. इतका सांभाळून राहिला, की मला हसावं का रडावं ते कळेना.

मग बरेच दिवस फोन नाही. तारीख उलटली. मल्लिनाथला लावावा असं वाटे, पण 'ठरवायलो ताई' ऐकायची माझी तयारी नव्हती. तरी एकदा लावला, तो लागला नाही. मॅडम आतून बाहेर आल्या की माझ्या टेबलावरच्या फोनकडं बघत आणि परत आत जात.

एका दुपारी अनोळखी नंबर आला.

"ताई, मी शिल्पा. हा माझा नंबर हाय. सेव्ह करा."

"बाळ?"

"झालं. झाल्या झाल्या सलाईन लावलं. काल ऑपरेशन झालं." ती थांबली. मागं महादेवीबाई कुणाला तरी कानडीत दटावत होत्या. "गुलाबी हाय ताई. नखंसुद्धा गुलाबी हायत. मी मोजून बघितली सगळी."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्या पेशंट तपासत होत्या. मशीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "दार लाव, उजेड येतोय." पण त्यांचा हात थोडा वेळ थांबला होता.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. मॅडमनी दोष वेळेवर ओळखूनही, पुढचं सगळं वेळेवर होऊनही न राहिलेली बाळंही आहेत. त्यांच्याबद्दल मी दिवाळी अंकात लिहिणार नाही. संपादकबाईंना फार हृदयस्पर्शी होईल.

काही महिन्यांनी सुमित्राबाई, शिल्पा आणि बाळ आम्हाला भेटायला आले. बाळाच्या छातीवर मधोमध एक पुसट रेघ होती आणि त्याला माझे केस ओढायचे होते. शिल्पा आत मॅडमना भेटायला गेली. सुमित्राबाई बाळाला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी एक नवीन पोटुशी मुलगी तिच्या सासूबरोबर आली होती. त्या सासूला नुकतंच पुण्याला जायला सांगितलं होतं, आणि तिचं 'बघू की' सुरू झालेलं मला टेबलावरून ऐकू येत होतं.

"बघू की काय?" सुमित्राबाई तिला म्हणाल्या. "न्या की पुण्याला. आमच्यात तर पहिलं बाळंतपण पुण्यातच करायची पद्धत हाय."

"पुण्यात? आणि माहेर?"

"माहेर बी तिथंच न्यायचं असतंय. तुमच्यात न्हाय व्हय?"

त्या बाईनं नाही अशी मान हलवली. आपल्यात काहीतरी कमी आहे असा तिचा चेहरा झाला. मग तिनं बाळाकडं बघितलं, त्याच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "काय हो, पोरगा का पोरगी?"

सुमित्राबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या कागदाकडं बघितलं. त्यांनी बाळाचं टोपडं कानावर ओढलं, दुपटं घट्ट केलं आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"हितं सांगत न्हाईत. बोर्ड वाचा की जरा."